मामी आणि उलटी झोप

माझ्या मामीने बावीस वर्षं लोकांचे केस कापले. तिचं दुकान एका जिन्याखालच्या खोलीत होतं. दोन खुर्च्या, एक आरसा, आणि तिसरं माणूस आलं तर त्याने पायरीवर बसायचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मामी आधी त्याच्या डोक्यावरून दोन्ही हात एकदा फिरवायची आणि मगच कात्री उचलायची. डोकं कळल्याशिवाय केस कळत नाहीत, असं तिचं म्हणणं. कुणाच्या मागचा उंचवटा मोठा, कुणाचं डोकं वर चपटं, कुणाला एकाऐवजी दोन भोवरे, हे सगळं तिला पाठ. रस्त्यात ओळखीची बाई दिसली तर नाव आठवायच्या आधी मामीला तिचा भोवरा आठवायचा.

कॉलेजसाठी मी तीन वर्षं मामीकडे राहिले. मामा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे महिन्यातले आठ-दहा दिवस काय तो घरी. एरवी घरात मामी, मी आणि आजोबा, म्हणजे मामाचे आणि माझ्या आईचे वडील. आजोबांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी खिशातली लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नव्हती. औषधाच्या बाटलीवरची सूचना, दुकानाची पाटी, बसच्या पाठीवरची जाहिरात, काहीही त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही. माझ्या एका मैत्रिणीची लग्नपत्रिका त्यांनी पाच दुरुस्त्या करून परत पाठवली होती. ती मैत्रीण वर्षभर माझ्याशी बोलत नव्हती.

आजी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ती गेल्यापासून आपल्या डोळ्याला डोळा लागत नाही, असं आजोबा सांगायचे. रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर रात्रीचा अहवाल यायचा. "दोन वाजलेले ऐकले. तीन वाजलेले ऐकले. चार वाजता पाणी आलं तेही ऐकलं."

"मग बाबा, घोरत कोण होतं?" मामी विचारायची.

"मी जागेपणी घोरतो," आजोबा शांतपणे म्हणायचे.

मी तिथे राहायला गेले त्याच वर्षी मामीच्या उजव्या अंगठ्याने संप पुकारला. आधी ठणका लागला, मग बाटलीचं झाकणही उघडेना. डॉक्टरांनी हात वळवून पाहिला आणि सांगितलं, "दुसरं काहीही करा, कात्री बंद." मामीने दुकान सोडलं. खुर्च्या विकल्या, आरसा घरी आणला आणि तीन महिने ती नुसती बसून राहिली. बसून म्हणजे काय, डबे घासले, घासलेले डबे पुन्हा घासले, पडदे धुतले. संध्याकाळी खिडकीत उभी राहून रस्त्यावरून जाणाऱ्यांची डोकी बघायची. "त्या माणसाचे मानेवरचे केस बघ. कुणी कापलेत गं? हात तोडला पाहिजे त्याचा." असं म्हणायची आणि अंगठा चोळायची.

अशाच एका दुपारी दार वाजलं. दारात एक उंच बाई उभ्या होत्या, वाढलेले केस कसेबसे पिनांनी अडकवलेले. त्या विद्यापीठात झोपेवर संशोधन करायच्या आणि मामीच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. दुकानाला कुलूप दिसलं म्हणून पत्ता शोधत आल्या होत्या. मामीने त्यांना खुर्ची दिली आणि आधी अंगठा दाखवला.

"म्हणजे आता माझे केस कोण कापणार?" बाईंनी विचारलं. मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे काम कराल? कात्री नाही लागणार. डोकी भरपूर आहेत."

मामीला वाटलं चेष्टा करतायत. पण बाई गंभीर होत्या. झोपलेल्या माणसाचा मेंदू काय करतो हे पाहायचं तर त्याच्या डोक्यावर शर्टाच्या बटणाएवढ्या धातूच्या वाट्या चिकटवाव्या लागतात. त्यांना वायरी जोडलेल्या असतात. मेंदूतून येणारी अगदी बारीक वीज त्या वाट्या पकडतात आणि पडद्यावर तिच्या रेषा उमटतात. बाईंच्या हाताखालची मुलं हुशार होती, पण केसांपुढे त्यांनी हात टेकले होते. दाट केस असले की वाटी केसांवरच बसायची, कातडीपर्यंत पोचायचीच नाही. माणसाने कूस बदलली की चार वाट्या उशीवर. निम्मी नोंद कचऱ्यात.

"पण मी शाळेच्या पुढे शिकले नाही हो," मामी म्हणाली. "आणि मेंदूबिंदू मला काय कळणार?"

"मेंदूचं मी बघते. मला डोकी सांभाळणारं माणूस हवंय."

पुढच्या सोमवारी मामी डबा घेऊन विद्यापीठात गेली.

तिसऱ्या मजल्यावर दोन छोट्या खोल्या होत्या. एकीत पलंग, जाड पडदे आणि कोपऱ्यात छोटा कॅमेरा, दुसरीत पडदा आणि यंत्रं. अभ्यास दुपारच्या झोपेचा होता, त्यामुळे लोक जेवून एकच्या सुमारास यायचे आणि चारला जायचे. पहिल्या आठवड्यात मामीला फक्त मोजायला शिकवलं. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत फीत धरायची, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. जे अंतर येईल त्याचे दहा टक्के, वीस टक्के असे भाग पाडायचे आणि तिथे तिथे मेणाच्या पेन्सिलीने लाल खूण करायची. म्हणजे डोकं लहान असो की भोपळ्याएवढं, वाटी प्रत्येकाच्या त्याच जागी बसते. मामी घरी आली तीच खुशीत. "अगं, भोवऱ्यावरून कुणी मोजतच नाही! भोवरा कुठेही असतो. नाक आणि मागचा उंचवटा, हे दोनच पक्के." रात्री जेवण झाल्यावर तिने माझ्या डोक्यावर एकवीस खुणा केल्या. त्या धुवायला मला तीनदा केस धुवावे लागले.

महिन्याभरात वाट्या पडायच्या बंद झाल्या. बारीक कंगव्याच्या टोकाने मामी भांग पाडायची, कातडी दिसली की तिथे खरखरीत पेस्ट हलकेच घासायची, मग वाटी, मग वर कापडाचा छोटा तुकडा. आणि हे सगळं करताना तोंड चालूच. तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं, मुलीचं शिक्षण कुठवर आलं, सासूचा गुडघा कसा आहे. बावीस वर्षांची सवय. एकविसावी वाटी लागेपर्यंत माणूस अर्धा पेंगलेला असायचा. पूर्वी ज्या खोलीत लोकांना अनोळखी पलंगावर तासभर झोप यायची नाही, तिथे आता लोक बूट काढायच्या आधी जांभया देऊ लागले.

बाईंनी मग तिला पडदा वाचायला शिकवलं. ते तिने आपणहून मागितलं होतं. वाट्या लावायच्या आणि मग बाहेर स्टुलावर बसून राहायचं, हे तिला पटत नव्हतं. पहिल्या दिवशी तिला नुसत्या एकवीस वेड्यावाकड्या रेषा दिसल्या. मग बाईंनी एका जागी बोट ठेवलं. साध्या चाललेल्या रेषेत अचानक बारीक बारीक लाटा उठल्या होत्या, आधी लहान, मग मोठ्या, मग पुन्हा लहान, आणि सेकंदाभरात संपल्या होत्या. आकृती दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर.

"ही चाती," बाई म्हणाल्या. "चरख्याच्या सूत भरलेल्या चातीसारखी दिसते म्हणून. माणसाला खरी झोप लागली की या यायला लागतात. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून मेंदू या काढतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. दिवसभरात शिकलेलं पक्कं करायलाही त्यांचा हातभार असावा."

"असावा म्हणजे?"

"म्हणजे अजून सगळं कळलेलं नाही. म्हणून तर आपण बसलोय."

हे 'आपण' मामीने घरी येऊन आम्हाला दोनदा सांगितलं.

बाईंना मुख्य कुतूहल होतं ते जागेचं. चाती डोक्यावर सगळीकडे सारखी नसते. कपाळाच्या वरच्या बाजूला ती संथ, सेकंदाला अकरा-बारा लाटा. टाळूवर आणि तिच्या मागे ती चपळ, तेरा-चौदा लाटा. कधी कधी तर एकाच वाटीखाली उमटते आणि शेजारच्या वाटीला पत्ताही नसतो. आणि प्रत्येक माणसाची आपापली तऱ्हा असते. आज पाहिलेली तऱ्हा सहा महिन्यांनी आलात तरी जवळपास तशीच. मामीला हे फार आवडलं. भोवऱ्यांसारखंच झालं, ती म्हणाली. लाटा मोजायला ती पट्टी आणि सुई वापरायची. सुईचं टोक एकेका शिखरावर ठेवत पुटपुटायची, "नऊ, दहा, अकरा." दोन वर्षांत तिने दोनशेच्या वर डोकी अशी वाचली. पुढचा मेंदू दमाने घेणारा आणि मागचा घाईचा, हे तिला एकाही डोक्यात चुकलेलं दिसलं नाही.

तिसऱ्या वर्षी बाईंनी सत्तरीच्या पुढच्या लोकांचा अभ्यास काढला. वय वाढतं तशा चात्या कमी होतात, बारीक होतात. त्या डोक्यावर कुठे जास्त कमी होतात, हे त्यांना बघायचं होतं. माणसं मिळत नव्हती. मामीने जेवताना सहज म्हटलं, "बाबा, तुम्ही येता का?"

"मी? मी झोपतच नाही. तुमचा कागद कोरा येईल."

"तेच तर. एकदा छापील पुरावाच होऊन जाऊ दे."

छापील म्हटल्यावर आजोबा विरघळले.

त्यांना घेऊन जायच्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून मीही गेले. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी भिंतीवरच्या सूचनेत दोन चुका काढल्या आणि लाल पेन्सिलीने सुधारल्या. मग खुर्चीत बसले आणि मामीच्या मागे लागले. डावीकडची खूण वर गेली. पेस्ट गार आहे. फीत जुनी आहे, ताणली गेली असणार. मामी दात-ओठ खात वाट्या लावत होती. इतर लोक तिच्या बोलण्याने पेंगायचे, इथे तिला बोलायलाच मिळेना.

वायरी दोन जुडग्यांत बांधलेल्या असायच्या. पुढच्या वाट्यांचं जुडगं निळ्या पट्टीचं, मागच्यांचं हिरव्या पट्टीचं. ती पलंगाशेजारच्या खोक्यात खोचायची असत.

"ही पट्टी हिरवी नाही," आजोबा म्हणाले.

"हिरवीच आहे, बाबा."

"मोरपिशी आहे. आणि ती दुसरी जी तू निळी म्हणतेस, तीसुद्धा मोरपिशीच आहे, फक्त विटलेली."

"बाबा, तुम्ही आडवे व्हा बघू."

"रंग चुकीचा सांगितला तर चूकच. आमच्याकडे एकदा मुखपृष्ठ..."

मुखपृष्ठाची गोष्ट दहा मिनिटं चालली. मामीने वायरी खोचल्या, दिवा मालवला आणि दार ओढून घेतलं. पलीकडच्या खोलीतून तिने नेहमीच्या सूचना दिल्या, डोळे मिटा, उघडा, पापण्या पाच वेळा मिचकवा. मग सगळं शांत झालं. सात मिनिटांत आजोबा घोरायला लागले.

एक तास दहा मिनिटं झोपले. मध्ये बाहेर कुणाच्या तरी हातून लोखंडी ट्रे पडला, मी दचकून उभी राहिले, आजोबांची पापणी हलली नाही. उठल्यावर म्हणाले, "पाहिलंत? टक्क जागा होतो."

बाईंनी त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि चात्या दाखवल्या. ही एक, ही दुसरी, ही बघा केवढी. आजोबांनी चष्मा पुसला आणि नीट पाहिलं. परत येताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले होते. मला वाटलं होतं की झोप येते हे कळून माणूस खूश होईल. ते खूश नव्हते. आजी गेल्यापासून आपण झोपलो नाही, हे त्यांनी सहा वर्षं मनाशी धरून ठेवलं होतं आणि एका यंत्राने ते तासाभरात काढून घेतलं होतं.

पण पाच दिवसांनी बाईंचा घरी फोन आला. त्या इतक्या भरभर बोलत होत्या की मामीने फोन कानापासून लांब धरला. संगणकाने आजोबांच्या सगळ्या चात्या मोजल्या होत्या आणि त्या उलट्या होत्या! चपळ चात्या पुढे, कपाळाकडे, आणि संथ मागे. वीस वर्षांत त्यांनी असं डोकं पाहिलं नव्हतं. शुक्रवारी विभागाच्या बैठकीत त्या हे सगळ्यांसमोर ठेवणार होत्या.

आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले. "म्हणजे माझी झोप सरळ नाही."

"नाही हो, तुमची झोप जगावेगळी आहे!" फोनमधून बाईंचा आवाज आला.

त्या दिवसापासून आजोबांना आभाळ ठेंगणं झालं. दूधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, औषधाच्या दुकानात रांग थांबवून सांगितलं. "आमचा मेंदू उलटा चालतो. विद्यापीठाने तपासलंय." शेजारचे काका म्हणाले, "ते आम्हाला विद्यापीठाशिवायच माहीत होतं." आजोबा त्यावरसुद्धा हसले. आजी गेल्यापासून मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. सकाळचा अहवालही बदलला. झोप येते, पण उलटी येते, असं ते समाधानाने सांगू लागले.

मामीला मात्र पटत नव्हतं. "ज्या डोक्याचे केस मी लग्न झाल्यापासून कापले, त्यात असलं काही असतं तर मला आधीच कळलं असतं," एवढंच ती पुटपुटली.

गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना तिने ती नोंद अगदी पहिल्या मिनिटापासून लावली. बाईंनी आणि संगणकाने झोपेचा भाग पाहिला होता. त्याआधीचा, जागेपणीचा भाग कुणीच पाहिला नव्हता. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात एक शांत, सारखी लय सुरू होते, हे मामीला माहीत होतं. आजोबांची लय कपाळावर चालली होती. मग पापण्या मिचकवायची वेळ आली. पापणी मिचकली की डोळ्यांजवळच्या, म्हणजे पुढच्या रेषांना मोठा झोल बसतो. तो इथे मागच्या रेषांना बसला होता. एक, दोन, तीन, चार, पाच. जणू आजोबांचे डोळे मानेच्या वर होते.

मामीने नोंद थांबवली. जुडगी तिने स्वतःच्या हाताने खोचली होती. निळं हिरव्याच्या जागी आणि हिरवं निळ्याच्या.

त्या दिवशी ती लवकर घरी आली. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि मला सगळं सांगितलं. बाहेर आजोबा शेजारच्या काकांना आपल्या मेंदूचा नकाशा काढून दाखवत होते.

"कुणाला कळणार आहे, मामी?" मी म्हणाले. खरंच म्हणाले, आज सांगताना लाज वाटते. "बाई खूश आहेत. आजोबा किती खूश आहेत बघ."

मामीने माझ्याकडे पाहिलं आणि हातातला चमचा ओट्यावर ठेवला. "उद्या त्या चार लोकांसमोर उभ्या राहणार. त्यातला एकजण विचारेल, पापण्या कुठे आहेत? मग त्यांनी कुठे बघायचं?" तिने पुन्हा चपला घातल्या आणि गेली.

पुढचं तिने नंतर सांगितलं. बाई उद्याच्या बैठकीसाठी चित्रं लावत होत्या. मामीने काही प्रस्तावना केली नाही. "बाई, आमच्या सासऱ्यांचे डोळे पाठीमागे आहेत," ती म्हणाली आणि पापण्यांचा भाग लावून दाखवला. "वायरी मी उलट्या खोचल्या. चूक माझी आहे. उद्यापासून येऊ नको म्हणालात तरी चालेल."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मामीला वाटलं आता रडतात. त्या हसत होत्या, इतक्या की खुर्ची हलत होती. "ताई, मी वीस वर्षं पोरांना शिकवते की सगळ्यात आधी पापण्या बघा. आणि माझ्या हाती नवीन काहीतरी लागलं म्हटल्यावर मीच बघितल्या नाहीत." त्यांनी डोळे पुसले. "उद्या उभी राहिले असते तर माझं डोकं तिथेच भादरलं असतं सगळ्यांनी."

"त्यासाठी मी होते की," मामी म्हणाली. मग दोघी हसल्या.

आजोबांना सांगणं जास्त अवघड होतं. मामीने चहा केला, त्यांच्यासमोर बसली आणि पट्ट्यांपासून पापण्यांपर्यंत सगळं सरळ सांगितलं. मी दारात उभी होते. आजोबांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे मी झोपतो. इतरांसारखाच."

"झोपता, बाबा. छान झोपता."

त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तिला सांगायचो मी, तू नसलीस तर मला झोप येणार नाही. हसायची." त्यांनी मान वर केली. "चूक पकडली कुणी?"

"मीच."

"छापायच्या आधी की नंतर?"

"आधी. बैठक उद्या होती."

आजोबांनी मान डोलावली. तोवर त्यांच्या तोंडून कुणाचं कौतुक मी ऐकलं नव्हतं, तेव्हाही ऐकलं नाही. पण त्यांनी मामीच्या कपातला निवलेला चहा ओतून दिला आणि उठून स्वतः नवा करून आणला. मग म्हणाले, "ती पट्टी मोरपिशीच होती. मी सांगत होतो."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा नोंद करून घ्यायचा हट्ट धरला. या वेळी पट्ट्या नव्या होत्या, एक पिवळी आणि एक काळी, त्यांच्यावर ठळक अक्षरांत 'पुढचे' आणि 'मागचे' असं लिहिलेलं. शुद्धलेखन आजोबांनी तपासलं. चात्या सरळ निघाल्या, पुढे संथ, मागे चपळ, आणि त्यांच्या वयाच्या मानाने भरपूर. बाईंनी दहा-दहा सेकंदांचे कागद छापून त्यांना भेट दिले.

आजोबांनी ते गठ्ठ्याने घरी आणले आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. दोन दिवस टेबल मोकळं मिळालं नाही. मामीने त्यांना पट्टी आणि सुई कशी धरायची ते दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विद्यापीठात जाऊन बाईंपुढे जाहीर केलं, "तुमच्या संगणकाने तीन सोडल्या आहेत." तिन्ही टाळूवरच्या एकाच वाटीखाली उमटलेल्या, बारीक. बाईंनी भिंग घेऊन पाहिलं. एक त्यांना पटली नाही. तिच्यावरून अर्धा तास वाद झाला. बाकीच्या दोन त्यांनी मान्य केल्या.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "माझ्याकडे असे चौदा माणसांचे कागद आहेत. डोळ्यांनी तपासायला कुणी मिळत नाही. मुलं तासाभरात कंटाळतात."

"मी कंटाळत नाही," आजोबा म्हणाले. "कागदाला समास ठेवा मात्र. दुरुस्ती कुठे करायची माणसाने?"

तेव्हापासून मंगळवारी आणि गुरुवारी दोघं एकाच बसने जाऊ लागले. मामी डोकी करायची, आजोबा खिडकीजवळच्या टेबलावर चात्यांना लाल कंस घालायचे. कागदावर नाव नसायचं, फक्त क्रमांक. पण आजोबांना चात्यांवरून माणसं ओळखू येऊ लागली. "तुमचा सतरा नंबर आज आलाय वाटतं, त्याच्या पुढच्या चात्या जरा लांबट असतात." मामीला हे ऐकून मनातून फार बरं वाटायचं, कारण सतरा नंबरला ती त्याच्या दोन भोवऱ्यांवरून ओळखायची.

माझं शेवटचं वर्ष संपत आलं तेव्हा बाईंना तुलनेसाठी मध्यम वयाची माणसं लागली, आणि मामीला पहिल्यांदा स्वतः पलंगावर आडवं व्हावं लागलं. वाट्या बाईंनी लावल्या. मामी डोळे मिटून सूचना देत होती, भांग तिरका गेला, अजून घासा, घाबरू नका, मला दुखत नाही. बाई शेवटी म्हणाल्या, "ताई, आता झोपा नाहीतर मी कापडाचा तुकडा तोंडावर लावेन." वीस मिनिटं ती जागीच होती, कारण पलीकडच्या खोलीत नवीन मुलगी नोंदवहीत काय लिहिते ते तिला ऐकू येत होतं. मग कधीतरी झोप लागली आणि ती अडीच तास उठली नाही. चारची वेळ टळून गेली तरी बाईंनी कुणाला तिला उठवू दिलं नाही.

तो गठ्ठा क्रमांक घालून इतरांबरोबर आजोबांच्या टेबलावर गेला. गुरुवारी मी मामीचा डबा द्यायला गेले होते, म्हणून मला ते पाहायला मिळालं. आजोबा एकेक कागद उलटत होते आणि कंस घालून घालून पेन्सिल झिजली होती. शेजारी मामी वाट्या धूत उभी होती.

"हा अठ्ठावीस नंबर बघ," आजोबा म्हणाले. "काय स्वच्छ नोंद आहे. टाळूवर तर चात्यांची नुसती रांग लागलीय. असं गाढ झोपणारं माणूस मी इथे पाहिलं नाही." त्यांनी चष्मा वर केला. "याच्या घरात म्हातारं माणूस नसणार."

मामीने हात पुसले, माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले आणि त्यांच्यापुढे एकोणतीस नंबरचा गठ्ठा ठेवला.